मैदानाखालचा कोळसा

रग्बीच्या मैदानात उत्तर टोकाच्या ट्रायरेषेवर फक्की मारता मारता एडमुंड वाल्कोव्याकच्या बुटाखाली जमीन वेगळी वाजली. तो थांबला. टाच आपटून पाहिली. मग दोन पावलं मागे सरकून तिथेही आपटली. उभी हयात हेलेना खाणीत काढलेल्या माणसाच्या गुडघ्यांना अशा गोष्टी आपोआप कळतात. खाली कुणीतरी खोदलं होतं. कोणी, हे कळायला तर गुडघ्यांचीही गरज नव्हती.

फक्कीची गाडी तिथेच सोडून तो मैदानामागच्या उतारावर उतरला. खाली ओढा, ओढ्याकाठी झुडपं आणि झुडपांत एक जुनं दार आडवं टाकलेलं. आता जमिनीला दार कोण लावतं? त्याने ते बाजूला ओढलं. आत काळं भोक, आणि भोकातून येणारा ओल्या कोळशाचा वास.

"कोण आहे रे आत?"

आत खोकला झाला आणि एकदम दबला.

"कोणी नाही," आतून उत्तर आलं.

"जो कोणी नाही, त्याने आधी बाहेर यावं."

बराच वेळ खुडबुड झाली. मग आधी दोन बूट, त्यामागून एक प्रचंड पार्श्वभाग, आणि शेवटी क्लुस्का बाहेर आला. क्लुस्का म्हणजे बटाट्याचा उकडलेला गोळा. हे त्याचं टोपणनाव, आणि बारशाचं नाव त्याच्या आईखेरीज कुणाच्या लक्षात नव्हतं. स्क्रमच्या रेटारेटीत पहिल्या ओळीत उभा राहिला की समोरच्या संघाचे तिघे एकमेकांकडे बघायचे. त्याच्यामागून कप्तान बोगुश राताय निघाला, दात तेवढे पांढरे.

"देव पाठीशी असो, काका," बोगुशने खाणीतला जुना नमस्कार घातला.

"देवाला मध्ये घेऊ नकोस. मैदान पोखरताय होय रे? माझं मैदान?"

"मैदान कुठे, काका? मैदानाच्या मागचं."

"माझ्या पायाखाली वाजतंय ते! रविवारी सामना आहे, ठाऊक आहे ना?"

"म्हणजे काय! आम्हीच तर खेळणार आहोत."

"कुठे खेळणार? रेफरी भोकात पडल्यावर?"

क्लुस्काला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. एडमुंडला मात्र हसू येत नव्हतं. तो कोच असलेल्या कार्बन क्लबने या मोसमात दोनदा सामना न खेळताच समोरच्याला पुढे चाल दिली होती. एकदा बससाठी पैसे जमले नाहीत म्हणून, आणि एकदा पोलिसांनी जंगलातल्या चोरट्या कोळशाच्या खड्ड्यांवर धाड घालून निम्मा संघ उचलून नेला म्हणून. तिसऱ्यांदा पुढे चाल दिलीत तर क्लबचं नाव लीगमधून कायमचं काढू, असं रग्बी संघटनेने फोनवर स्वच्छ बजावलं होतं. म्हणजे रविवारी सामना झाला तर क्लब राहणार, नाही झाला तर संपणार. इतकं सरळ होतं ते.

आणि हा क्लब म्हणजे एडमुंडच्या बापाने देशात आणलेलं एकमेव सामान होतं.

बाप कार्मोच्या खाणीत होता, दक्षिण फ्रान्समध्ये. युद्ध संपलं तसे पोलंडच्या नव्या सरकारचे लोक तिथवर आले. म्हणाले, आपल्या देशात चला, खाणी तुमची वाट बघतायत, जर्मनांनी सोडलेली घरं रिकामी आहेत, पडदेसुद्धा लावलेले आहेत. बाप भोळा. वाउब्झिखच्या स्टेशनात गाडीतून उतरताना आईच्या हातात शिवणयंत्र होतं, आठ वर्षांच्या एडमुंडच्या हातात सायकलचं चाक आणि बापाच्या पिशवीत हवा काढलेला लांबट चामड्याचा चेंडू. पडदे लावलेले नव्हते. शेजाऱ्यांनी चेंडू पाहून विचारलं, हे बदकाने घातलं की हंसाने? बाप म्हणाला, दोन वर्षं थांबा.

दोन वर्षांनी हेलेना खाणीचा संघ झाला, कार्बन. खाणीने जर्सी दिल्या, बस दिली, आणि मैदानाला टेकाडामागची उकिरड्याची जागा दिली. चांगल्या खेळाडूंना खाणीच्या हजेरीपटावर घेतलं. ते कागदावर खोल खाली उतरायचे आणि प्रत्यक्षात मैदानावर पळायचे. सगळीकडे असंच होतं. समुद्राकाठी गोदीचा संघ, कुठे पलटणीचा, कुठे बांधकाम खात्याचा. एडमुंडने एकदा देशाची लाल-पांढरी जर्सीही घातली, बुखारेस्टमध्ये. तिथे रुमानियन पोरांनी असं काही तुडवलं की परतताना गाडीत कुणी गुणसंख्येचा विषय काढला नाही. तरीही ती त्याच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर दुपार होती. खरं सांगायचं तर पोलंडमध्ये रग्बी कधी स्वतःच्या पायावर उभी राहिलीच नाही, कायम कुणाच्या तरी कडेवर राहिली. मग सरकार बदललं, हेलेना बंद झाली, आणि कडेवर घेणारंच कुणी उरलं नाही.

खाण बंद झाली तरी कोळसा जमिनीत होताच. या डोंगरात तो इतका वर येतो की भाजीचा वाफा खणतानाही लागावा. बेकार झालेल्या माणसांनी झुडपांत, ओढ्यांत, गॅरेजमागे भोकं पाडली, आणि पोत्यात भरून म्हाताऱ्यांच्या दारात कोळसा नेऊन टाकायला लागले. कार्बनच्या संघात आता असे खोदणारेच उरले होते. बाकीचे जर्मनीत शतावरी खुडत होते नाहीतर लंडनमध्ये भांडी घासत होते.

"बाजूला हो," एडमुंड म्हणाला आणि गुडघ्यांवर बसून भोकात शिरला.

शिव्या द्यायच्या, भोक बुजवायला लावायचं, एवढाच त्याचा विचार होता. पण बॅटरीच्या उजेडात त्याने छताला लावलेले टेकू पाहिले आणि त्याचं डोकंच फिरलं. बर्चच्या फांद्या! कुंपणाचे खांब! एका ठिकाणी तर चक्क खुर्चीचा पाय!

"हे काय लावलंय?" तो आतूनच ओरडला.

"टेकू, काका."

"टेकू? बर्च? अरे, पाइन मोडायच्या आधी करकरतो, माणसाला सांगतो की पळ. बर्च मुका असतो. गप उभा राहतो आणि गपकन मोडतो. कोणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवणार कोण? आम्ही कामाला लागलो त्या वर्षीच खाण बंद झाली की."

 एडमुंड बाहेर आला, टोपी झटकली, आणि रागाच्या भरात त्याने असं काही केलं की जे दुसऱ्या कुठल्याही गावच्या कोचने केलं नसतं. वाईट टेकू पाहून तसाच पाठ फिरवून जाईल असा खाणकामगार त्या डोंगरात जन्मला नव्हता.

"उद्या सकाळी करवत घेऊन या सगळे," तो म्हणाला. "आणि अट ऐका. बोगदा ट्रायरेषेच्या पुढे एक वीतही जाणार नाही. ओढ्याच्या बाजूने वळवायचा. रेषेच्या आतलं सगळं माझं. कबूल?"

"कबूल, काका," बोगुश म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता.

पुढचे दोन दिवस सराव झाला नाही. त्याऐवजी कार्बनचा अख्खा संघ पडलेले पाइन कापत होता, सोलत होता, उतारावरून घसरवत होता. एडमुंड भोकाच्या तोंडाशी उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडायचा. पाचर अशी नाही, तशी. खांब ताठ नाही, किंचित कललेला, दाब येईल तिकडे. पोरं ऐकत होती. मैदानावर एवढं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं! कितीतरी वर्षांनी पंधरा माणसं त्याच्या शब्दाबरोबर एकत्र हलत होती, आणि तो सुखात होता. उगाच कशाला लपवायचं, अगदी सुखात होता.

"तुझ्या कानात कोळसा आहे," शुक्रवारी संध्याकाळी गेन्या म्हणाली. गेनोव्हेफा त्याची बायको. ती सामन्यासाठी बिगोस रांधत होती, कोबी आणि मांसाचं मोठं पातेलं, दोन्ही संघांना पुरेल एवढं. सामन्यानंतर पाहुण्यांना गरम जेवू घालायचं, हा या खेळातला रिवाज. जिंका, हरा, दात पाडा, पण जेवायला एकत्र बसायचं.

"मैदान वाचवलं मी," एडमुंड म्हणाला. "आता वरून हत्ती नाचवलास तरी खचणार नाही."

"ते दिसतंय. आणि भोक?"

"भोकाचं काय?"

"काय होतं आणि काय केलंस? आधी निदान घाबरत जायचे आत. क्लुस्काची आई सांगत होती, तो तर क्रॉस केल्याशिवाय डोकं घालत नव्हता. आता म्हणे आत बसून सिगारेट ओढतो."

"मग बर्चखाली मरू द्यायचं का त्यांना?"

"मी असं म्हटलं का?" गेन्याने पातेल्यावर झाकण आपटलं. "मी काहीच म्हणत नाही. कान धू."

शनिवारी थंडी पडली. साधीसुधी नाही, नळ फुटतील अशी. सगळ्या गावाच्या धुराड्यांतून एकदम धूर निघाला, आणि ज्यांच्या धुराड्यांतून निघाला नाही, त्या म्हाताऱ्या बायका बोगुशच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

रविवारी पाहुण्यांची बस रात्रभर चालून समुद्राकाठून आली. त्यांचा कोच आल्फोन्स ग्झेंकोविच एडमुंडचा जुना वैरी. त्याचा डावा कान एडमुंडनेच कधीतरी स्क्रममध्ये कोबीसारखा करून ठेवला होता. दोघांनी मिठी मारली. रेफरी वॉर्सातून आलेला, तरुण, बूट चकाकणारे. त्याने सगळं मैदान चालून पाहिलं, गोठलेल्या गवतावर टाच मारून पाहिली, उत्तरेकडच्या रेषेपाशी जरा जास्तच वेळ उभा राहिला. 

"छान ठेवलंय मैदान," रेफरी म्हणाला. "लीगमध्ये असं दुसरं नाही."

कपडे बदलायच्या खोलीत आठच पोरं होती.

"बाकीचे?"

पोरं बुटांच्या नाड्या बांधण्यात गुंतली. एकाने नुसतीच उताराकडे मान हलवली.

एडमुंड धावला. या वयात, खाणीच्या धुळीने भरलेल्या त्या छातीने, गोठलेल्या उतारावर. भोकाशी पोत्यांची थप्पी लागली होती. आतून एका लयीत टिकावांचे घाव येत होते, सुखरूप ठिकाणी काम करणाऱ्या माणसांचे सावकाश, भरवशाचे घाव.

"बोगुश!"

"कोण, काका? आलोच!"

"बाराला सामना आहे, गाढवा!"

"माहितीय! जर्सी घालूनच उतरलोय सगळे. आज पोलीस चर्चमध्ये, आणि त्यांना वाटतंय आम्ही मैदानावर. असा दिवस पुन्हा नाही यायचा. तुम्ही नाणं उडवा, आम्ही पोचतोच."

"आत्ता वर या! आत्ता!"

"थर फुगलाय, काका! माणसाच्या उंचीचा झालाय. एवढं एक पोतं."

एडमुंड ओणवा होऊन आत ओरडत राहिला. संघटना, लीग, बाप, सगळं ओरडून झालं. आतून दर वेळी तेच गोड उत्तर, येतो काका, एवढं एकच. त्याने कान देऊन ऐकलं. एखादा खांब करकरला असता तर सातही जण उंदरासारखे बाहेर आले असते. पण त्याचे पाइन त्याने शिकवल्यासारखे उभे होते, एकही आवाज न करता. बर्चच राहू दिला असता तर भीतीने का होईना, पोरं वेळेवर वर आली असती. हे त्याला तिथे, गुडघ्यांवर बसल्या बसल्या, लख्ख कळलं. आत शिरून ओढून आणावं म्हणून तो वीतभर पुढे सरकला, पण खोकल्याची उबळ आली आणि छातीने पुढे जाऊ दिलं नाही. तो परत वर चढला.

रेफरी थांबला. नियमात होतं तेवढा थांबला, आणि मग आल्फोन्सने विनवलं म्हणून पुन्हा तेवढाच थांबला. पाहुणे पोरं थंडीत उड्या मारत होती. शेवटी त्याने घड्याळाकडे पाहिलं, एडमुंडकडे पाहिलं, आणि शिट्टी वाजवली. कुणाला शिव्या घालाव्यात, तर कुणाचंच चुकलं नव्हतं. हे सगळ्यांत वाईट होतं.

"माफ करा, वाल्कोव्याक," तो म्हणाला. "पाहुण्यांना पुढे चाल."

रेफरी पिशवीची चेन लावत होता तेव्हा ते आले. उताराच्या कडेवरून सात जण पळत, कोट काढून फेकत, आत जर्सी, गळ्यापासून वर काळेकुट्ट. बोगुश सर्वांत पुढे.

"चला! चेंडू कुठंय?"

 बोगुशने एकेकाकडे पाहिलं. रेफरीच्या पिशवीकडे पाहिलं.

"सर, आम्ही आलोय ना! मोजा, पंधरा आहोत!"

"मी तुमच्यासाठी दुप्पट थांबलो," रेफरी म्हणाला. "याच्याहून जास्त थांबलो तर उद्या मलाच काढतील."

बोगुश तिथेच मैदानावर खाली बसला.

तरी जेवण झालं. रिवाज म्हणजे रिवाज. क्लबच्या खोलीत भट्टी लालभडक पेटली होती. कोळसा कुठला, ते कुणी विचारलं नाही. पाहुणे स्वच्छ ट्रॅकसूटमध्ये, यजमानांतले निम्मे काळे, सगळे एकाच लांब टेबलाशी खांद्याला खांदा लावून बसले. गेन्या वाढत होती. क्लुस्का बिगोसमध्ये टिपं गाळत होता, आणि मध्येच ताट पुढे करून आणखी मागत होता.

"रडतोस की जेवतोस?" गेन्याने विचारलं.

"दोन्ही, काकू."

आल्फोन्स एडमुंडशेजारी बसला होता. "आमची गोदीही गेली," तो म्हणाला. "आता एक फरश्या विकणारा आम्हाला बस देतो. भला माणूस आहे. पण त्याच्या बायकोला घोडे आवडतात म्हणे. ती उद्या घोड्यांवर पैसे घाल म्हणाली, की आम्हीही संपलो."

"तुमच्याकडे मागे दुसरी पोरं तरी आहेत."

"आहेत," आल्फोन्स म्हणाला. निघताना त्याने एडमुंडला मिठी मारली ती नेहमीपेक्षा जास्त वेळ, मयताच्या घरी मारतात तशी. बस वळणावर दिसेनाशी झाली.

खोलीत आता घरचेच उरले. बोगुश बराच वेळ पावाच्या तुकड्याने रिकामं ताट पुसत होता.

"काका," तो शेवटी म्हणाला, "एक विचारू? रागावणार असाल तर नाही विचारत."

"विचार."

"तुमची अट होती ना, रेषेच्या आत जायचं नाही. आम्ही पाळली. देवाशपथ, एक वीतसुद्धा नाही गेलो." त्याने ताट बाजूला सरकवलं. "आता रेषा कशाला हवी?"

 गेन्या पातेल्याशी उभी होती. नवरा आता ताट भिंतीवर फेकणार अशी तिची खात्री होती, आणि फेकलं असतं तर तिने एक शब्द काढला नसता.

एडमुंड उठला. त्याने कोट घातला, मफलर गुंडाळला आणि बाहेर पडला. पोरं एकमेकांकडे बघत त्याच्यामागून निघाली. उजेड उतरला होता. तो ट्रायरेषा ओलांडून, फक्कीच्या सगळ्या रेषा ओलांडून मध्यभागाच्या थोडं पलीकडे गेला आणि थांबला.

"इथे," तो म्हणाला.

"इथे काय, काका?"

"माझ्या बापाने आणि त्याच्या दोस्तांनी हे मैदान सपाट केलं तेव्हा इथे कोळसा लागला होता. दोन हातांवर. जाड थर. खाणीला कळलं तर खाण मैदान घेईल म्हणून त्यांनी वरून माती लोटली आणि कुणाला सांगितलं नाही. मरताना बापाने मला सांगितलं. मी आजवर बायकोलाही सांगितलं नाही."

 वारा गोलच्या खांबांतून वाजत होता. एडमुंडला रडायचं होतं, पण पोरं समोर होती आणि काम सांगायचं होतं.

"वरून उघडा. कडेला पाइन लावा. बर्च आणलात तर याद राखा." त्याने गोठलेल्या गवतात टाच रुतवून खूण केली आणि बाजूला झाला. "उभे काय राहिलात? आठवडाभर थंडी आहे. लोक वाट बघतायत."

क्लुस्का फावडं आणायला धावत सुटला. अख्ख्या मोसमात तो एवढ्या जोरात पळालेला एडमुंडने पहिल्यांदाच पाहिला.